ओळखला बे तुहा आवाज

नाव? नाव कायले पाह्यजे वं? फोन दुरुस्त करून राहिली का सोयरीक जमवून राहिली? बरं, चिठ्ठीवर लिहाच लागते म्हणतं तं लिही — भिलाईनरेश. हो, एका शब्दात, भिलाईनरेश. पाह्य, लिहिलं! हासली अन् लिहिलं! तुहा बापही असाच होता. उमाकांतची पोरगी ना तू, वैभवी? नाकावरून ओळखलं. याच सिविक सेंटरमध्ये, याच गाळ्यात तो रेडिओ खोलून बसायचा, अन् मी दरवेळी त्याले वेगळं नाव सांगायचो — कधी तहसीलदार, कधी पोपटलाल — अन् तो बिचारा मान खाली घालून लिहून घ्यायचा. एकदा म्हणलं, लिही, सौभाग्यवती गंगूबाई. लिहिलं! आठ दिवसांनी भरल्या दुकानात त्यानं आवाज देल्ला — गंगूबाई कोण आहेत, गंगूबाई, तुमचा रेडिओ झाला — अन् मिशीवर ताव देत मी उभा राहिलो. लोकं पोट धरून हासले. तुहा बाप नाही हासला. तो म्हणे, सेल नवीन टाका गंगूबाई. असा माणूस. गेला ना? हो, आयकलं होतं मी. येणं झालं नाही.

तू बोलू नको, तोंडात स्क्रू धरले हायेत, गिळशीन एखांदा. मी बोलतो. मले तेवढंच येते. सातवी नापास माणूस, पण बोलण्यात मले कोणी नापास केलं नाही अजून.

हा फोन माहा नाही, पहिलेच सांगतो. माहा हा — बटनवाला. रबर बांधलं म्हणून नाक मुरडू नको. पहिले फोन पडला तं तीन तुकडे होत — झाकण इकडं, बॅटरी पलंगाखाली, डब्बा तिसरीकडं — अन् तिन्ही गोळा करून जोडले की लागला परत, जसं काही झालंच नाही. आताचा फोन पडला तं तुकडे होत नाहीत. आख्खाच मरते. अन् टचवाला मी कायले घेत नाही, सांगू? माही बोटं घेत नाही तो. मशीनच्या हिशोबानं मले बोटंच नाहीत. चौतीस वर्षं स्टील प्लांटात कोक ओव्हनवर होतो, त्या भट्टीच्या दरवाज्यांवर, हातमोजे घालूनही कातडी अशी भाजून भाजून चामडं झाली — पाह्य, रेषा दिसतात का? कोण्या ज्योतिष्याचीही सोय ठेवली नाही. दर नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्याले बँकेत अंगठा द्या लागते, जिवंत हाये म्हणून. मशीन म्हणते, फिर से प्रयास करें. मी परत ठेवतो. फिर से प्रयास करें. मी त्या मॅडमले म्हणलं, मॅडम, मशीनचं बरोबर असंन, तुम्ही मेला म्हणून लिहून टाका, घरी मी सांगतो. अख्खी लाइन हासली. मॅडम म्हणे, बाबा, मागं हटा. सगळ्याच बायकांले मी मागं हटूनच आवडतो.

अन् नेटवर्क! टॉवर पाह्य, खंडीभर उभे केले, अन् आमच्या क्वार्टरमध्ये कुठं येते नेटवर्क? न्हाणीघरात. बाकी घरात भुताटकी. मथुरा — माही बायको — माहेरच्यांशी बोलते तं बाल्टी पालथी घालून आत बसते. तिचा भाऊ भंडाऱ्याहून इचारते, ताई, पाणी कायचं पडून राहिलं? मथुरा म्हणते, पाऊस हाये रे इकडं. एप्रिल महिन्यात! धोंडबाचं मात्र नशीब. धोंडबा हटवार — हा फोन त्याचा. आमच्या मागं दोन लाइनींवर त्याचं क्वार्टर, अंगणात जामाचं झाड, त्या झाडाखाली खाट टाकून पडला की नेटवर्क फुल्ल. चारही कांड्या. आंधीत, पाण्यात, कधीही. लोकं फोन घेऊन त्याच्या जामाखाली येतात बोलाले. आजपर्यंत तिथं नेटवर्क गेलं असं कोणी आयकलं नाही.

हे मी कायले सांगून राहिलो? — कायले नाही, असंच. तू कर तुहं काम.

धोंडबा अन् मी एकाच साली आलो इकडं, एकाच गाडीनं, लाखनीच्या इकडचे दोघं. घरी धान, इथं लोखंड. एकाच शिफ्टमध्ये, एकाच दरवाज्यावर — त्याची बोटं मात्र टचवाला घेते अजून, नशीब. आता तुले वाटंन मैतर म्हणजे सुखदुःखाच्या गोष्टी करत असतीन. नाही वं. मी त्याले फसवायचो अन् तो फसायचा — हेच आमचं चाळीस वर्षं चाललं. मी त्याच्या डब्यात बेडूक ठेवला, त्याच्या सायकलीची घंटी दुसऱ्याच्या सायकलीले लावली. मोबाइल आला तं माही दिवाळीच झाली. पावर हाऊसच्या बाजारात छत्री लावून पोरं फुकट सिम वाटायची ना, मी दर महिन्याले एक घ्यायचो. नवीन नंबर, नवीन आवाज. आवाज मले कोणाचाही काढता येतो, बरं. तुहा काढू? 'काका, उद्या या, पार्ट आला नाही.' — पाह्य, हासलीच. तं मी गॅस एजन्सीवाला होऊन बोलायचो, आपके नाम से सात सिलेंडर निकले हैं. मी लॉटरीवाला व्हायचो. एकदा मुरमुऱ्यासारखा आवाज काढून बाई झालो, हैलो जी, मैं आपके साथ स्कूल में थी — अन् धोंडबा म्हणते, आमच्या शाळेत पोरीच नव्हत्या! अन् मंग तो ओरडायचा, पोटातून, अख्ख्या लाइनीले आयकू जाईन असा — ओळखला बे तुहा आवाज, अमक्या! अमक्याच्या जागी माहं नाव. ते तुले कायले पाह्यजे, तुह्यापाशी भिलाईनरेश हाये.

अन् पाह्य, त्यालेही मजा यायची. खोटा नंबर आला की तोही खुश व्हायचा. म्हातारपणी असं कोण फोन करते कोणाले? पोरंसोरं तं अंगठे मारून मोकळे होतात — सुप्रभातचं फूल पाठवलं की झालं, माय-बाप जिवंत हायेत का नाही, फुलाले इचारा. आम्ही बोलायचो तरी. मीच त्याच्या फोनमध्ये ते रेकॉर्डिंग चालू करून घेतलं — आलेला प्रत्येक फोन आपोआप भरून राहते ना, तेच — अन् संध्याकाळी नाल्यावरच्या पुलियावर बसून आम्ही दोघं आपलाच फोन परत आयकायचो अन् परत हासायचो. म्हातारे झाल्यावर नवा जोक कमी पडते, जुनाच पुरवून वापरा लागते.

सगळ्यात भारी कोणता, सांगू? दोन वर्षांपहिलेचा, एक एप्रिलचा. मी ठाणेदार झालो. 'भिलाई-तीन थाने से बोल रहा हूँ, आपका लड़का प्रवीण गाड़ी ठोक दिया है, फौरन आइए.' धोंडबा बनियनवर स्कूटर घेऊन निघाला. पायात एक चप्पल त्याची, एक राधाबाईची — त्याची बायको, तवा जिती होती ते. ठाण्यात जाऊन रडून राहिला. अन् प्रवीण इकडं आपल्या घरी जेवून राहिला होता! वर्षभर लोकांनी इचारलं, काय धोंडबा, चप्पल कोणती घातली? तो स्वतःच सांगायचा सगळ्यांले, हासत हासत. मले एकच म्हणला होता — पोराच्या नावानं नको करत जाऊ बे. मी म्हणलं, नाही करत. अन् नाही केलं मंग. खरंच नाही केलं. एखांदवेळ प्रवीणचा आवाज काढला असंन, ते वेगळं, ते पुलियावर, समोरासमोर, 'बाबा, पेट्रोलले पैसे द्या ना' — ते तं धोंडबालेच आवडायचं. हुबेहूब म्हणायचा.

लागला? — लागला का वं? उजेड तं आला! वा! चार दिवस बाल्टीत होता फोन, अन् तू जिता केला. बापाचा हात हाये तुह्यात. चार दिवस मतलब — एक घंटा. पडला होता ना, पाण्यात पडला. चार दिवस तांदळात ठेवला. पडला म्हणतो मी. अशी कावून पायतं? बरं, बुडवला. धोंडबानं बुडवला. सगळं तुले सांगाच लागते का? डॉक्टरलेही एवढं नाही सांगत माणूस.

हा पाह्य, पडद्यावर. हा प्रवीण. त्याच्या कडेवर पोरगी, खुशबू, तीन वर्षांची. चौतीसचा होता. रायपूरले कंपनीत, मोटरसायकलनं जाणं-येणं. बोलण्यात बापावर गेला नाही, माह्यावर गेला होता — मले 'काका, तुमची एक्सपायरी कधीची' म्हणायचा. ऑगस्टच्या नऊ तारखेले गेला. त्या रोडवर गायी बसतात ना पावसाळ्यात, भर हायवेवर, भिलाई-तीनच्या अलीकडं — तू पाहिलं असशीन, रवंथ करत बसतात जसं काही अंगण हाये. एक उठली मधातच. हा तिले वाचवाले गेला अन् डिव्हायडरवर.

त्याची बायको रेणू. शाळेत शिकवते. हा फोन तिलेच पाह्यजे. म्हणजे फोन नको, याच्यातले फोटो. कावून का प्रवीणचा स्वतःचा फोन — तीस हजाराचा, एक ओरखडा नाही त्याले — तो बंद हाये. बोटानं उघडायचा. बोटानं नाही तं नंबरानं, अन् नंबर त्यालेच माहीत. रेणू मले म्हणे, काका, बोट कुठून आणू आता? अशी सरळ म्हणे, रडली नाही. पण बापाले तो रोज फोटो पाठवायचा, पोरीनं काय खाल्लं, पोरगी कुठं पडली, सगळं. ते सारं याच्यात. मागच्या आठवड्यात रेणू म्हणे, बाबा, तुमचा फोन द्या, सगळं नव्या फोनमध्ये घेतो, अगदी सगळं, एकही गोष्ट सोडत नाही. धोंडबा म्हणला, देतो. अन् दुसऱ्या दिवशी फोन बाल्टीत. हातातून सटकला म्हणे. मंग रेणूनंच मले म्हणलं, काका, तुम्ही सिविक सेंटरले नेऊन द्या, शाळा सुटली की पाच वाजता मी येतो घ्याले. धोंडबा तिथंच खाटेवर होता. माह्याकडं पाहिलं फक्त. म्हणून मी आलो.

तं आता आयक. फोटो सगळे टाक नव्या फोनमध्ये. फक्त ते रेकॉर्डिंगवालं हाये ना, त्याच्यातले तीन काढून टाक. नऊ तारखेचे. चार वाजून अकरा, चार वाजून चौदा, चार एकोणीस. पहिलं चौदा सेकंदाचं, दुसरं नऊचं, तिसरं अकराचं. — मले कसं पाठ? मले प्लांटमधल्या सगळ्यांच्या सासवांची नावं पाठ हायेत, हे काय. काढून टाक, आयकू नको. कशाले काढाचं ते तुले कायले पाह्यजे वं? तुह्या बापानं कधी इचारलं नाही गंगूबाईचं लग्न कधी झालं!

स्क्रू काढून ठेवले तोंडातले. मतलब सांगाच लागते.

पंक्चरवाला होता एक तिथं रोडवर, साहू म्हणून, त्यानं उचललं प्रवीणले. आपल्या दुकानातल्या बाजेवर टाकलं, गाडी बोलावली, पाणी पाजलं. प्रवीण अर्धवट शुद्धीवर होता. फोन काढला खिशातून, तो उघडत नाही. प्रवीणचा उजवा हात — बोट लागत नव्हतं त्याचं, रक्त होतं. मंग पाकीट पाहिलं. त्याच्यात चिठ्ठी, राधाबाईनं कधीची ठेवलेली, घडी पडून पडून फाटलेली — बाबा, अन् नंबर. त्यानं आपल्या फोनवरून लावला. नवीन नंबर. अनोळखी आवाज. हिंदीत. 'हैलो, आप प्रवीण के पिताजी बोल रहे हैं? भिलाई-तीन के पास से बोल रहा हूँ, आपके लड़के का एक्सीडेंट हो गया है.'

धोंडबा जामाखाली होता. चार कांड्या.

काय म्हणला असंन तो? तूच सांग. — हो. तेच म्हणला. ओळखला बे तुहा आवाज. अन् हासला, अन् फोन ठेवला. तीन मिनिटांनी तो परत लावते, अरे बाबूजी, मज़ाक नहीं है — धोंडबा म्हणते, यावेळी चप्पल बरोबर घालून येतो बे, चाय ठेव. ठेवला. मंग त्या पंक्चरवाल्यानं काय केलं — चांगला माणूस, वैभवी, फार चांगला माणूस, तेरवीले आला होता, त्यानंच सांगितलं हे सगळं, कोपऱ्यात मले एकट्याले, त्याले वाटलं मी घरचा हाये — त्यानं फोन प्रवीणच्या तोंडापाशी धरला. अन् प्रवीण बोलला. 'बाबा.' म्हणे, 'बाबा, मी हाओ. या ना.' 'बाबा, या ना.'

अन् बाप म्हणला, वा रे जानवरा, आता पोराचाही आवाज काढतो का? हुबेहूब!

अकरा सेकंद.

डॉक्टर म्हणला, वेळेवर असते तरी काही झालं नसतं, आतून सगळं गेलं होतं. पावणेपाचले गाडीतच संपला. तं फरक काय पडला? काहीच नाही. मी हिशोब करून पाहिला, काहीच नाही. फक्त 'हो बेटा' म्हणता आलं असतं कोणाले.

लोकं इचारतात धोंडबाले — सोयरे, शेजारी, रेणूही — बाबा, तुमाले फोन नाही आला का? तो म्हणते, नेटवर्क नव्हतं. जामाखाली बसून म्हणते! तिथंच लोकं फोन लावून राहिले असतात आजूबाजूले, अन् तो म्हणते, त्या दिवशी नेटवर्क नव्हतं. अन् सारे मानतात. नेटवर्कले शिव्या देतात, कंपनीले शिव्या देतात, सरकारले देतात. मीही देतो. माह्याइतक्या कोणी देल्ल्या नसतीन. आता तुले वाटंन, म्हातारा मैतरासाठी आला, बापाची लाज झाकाले आला. हो, तेच. तेच समज अन् दाब ते बटन.

नाही दाबत?

नाही तं नाही. — तुले सांगू एक? तू तोंड उघडू नको, मले फक्त कोणाले तरी सांगाचं हाये, अन् तुले माहं नाव माहीत नाही, म्हणून सांगतो. फोन ठेवून धोंडबा माह्या घरी आला. तिसरा फोन झाला ना, तं त्याले कसंतरी वाटलं. हासत होता, पण आला, उठून आला, उन्हात, दोन लाइनी चालत. मी झोपलो होतो. दुपारी दोनपासून झोपलो होतो, माहा फोन न्हाणीघरात चार्जिंगले. मथुरा सांगतच होती, भाऊजी, हे तं झोपून हायेत — पण तिचं बोलणं आमच्यात कोण मोजते. मी उठलो, डोळे चोळतो, अन् धोंडबा दारात उभा. म्हणते, सांग बे खरं, तूच होता ना?

मले काही माहीत नव्हतं, वैभवी. काय फोन, कोणता फोन, कोणाचा आवाज — काही नाही. पण तो हासून राहिला होता. अन् मले वाटलं, काहीतरी मजा झालेली दिसते, अन् ते माह्या नावावर जमा होऊन राहिली, तं कायले सोडाची? चाळीस वर्षांची आदत. मी डोळा मारला. म्हणलं, कसा जमला?

बस. एवढंच म्हणलं. कसा जमला.

त्याचं तोंड पाह्यलं पाह्यजे होतं तू. असा हलका झाला. असा बसला खुर्चीवर जसं कोणी अंगावरची पोती उतरवली. म्हणते, लेका, जीव गेला होता माहा. मथुरानं चाय ठेवली. आम्ही चाय पेलो. पारले बुडवून. तो मले माहीच मजा सांगून राहिला अन् मी मान हालवून राहिलो — हो, हो, मंग, जमलाच पाह्यजे. साडेचार, पावणेपाच, पाच. सव्वापाचले रेणू धावत आली. तिले पोलिसाचा फोन आला होता, कंपनीतून नंबर काढून.

त्यानं मले आजपर्यंत एक शब्द म्हणला नाही. मारलं असतं तं बरं झालं असतं. शिवी देल्ली असती. रोज संध्याकाळी पुलियावर येते, माह्या बाजूले बसते. फोन करणं तं सोडूनच देल्लं आम्ही. एकदा लावला होता मी, दवाई आणून देऊ का इचाराले, खऱ्या आवाजात, माह्या स्वतःच्या — तं तो म्हणते, कोण? म्हणलं, मी. म्हणते, कशावरून? अन् तो गंमत करून राहिला नव्हता. दोन लाइनी चालत आला मले पाहाले, खरंच मीच होतो का म्हणून. आता कोणाचाच फोन आला तरी तो आधी चालत जाते त्या माणसाच्या घरी.

तं आता समजलं ना? त्या तिन्हींमध्ये माहं नाव हाये. तिन्ही वेळा तो नाव घेऊन हासला. रेणू सगळं आयकन, एकही सोडणार नाही म्हणलं तिनं. आयकन आपला सासरा कोणाचं नाव घेऊन हासून राहिला, अन् कोण 'बाबा, या ना' म्हणून राहिला. दाब वं पोरी. माह्यासाठी नको, धोंडबासाठी दाब. त्याले एकच घर हाये, त्या घरात ते दोघीच हायेत आता.

तुमचं तुम्ही दाबा म्हणतं? फोन फिरवला माह्याकडं. उमाकांतचा बाप हायेस तू — पोरगी नाही, बाप. दे. कुठं? हे लाल? हे 'कायमचं काढायचं का' म्हणून इचारून राहिलं ते? हो म्हणतो ना बा, हो. — दाबलं. काही झालं नाही. परत. — थांब, थुंकी लावून पायतो. — नाही घेत. करंगळीनं? — पाह्य, नाही घेत! चौतीस वर्षं! माह्या बोटाले हा फोन माणूसच समजत नाही! अंगठा — अंगठाही नाही. फिर से प्रयास करें. हा, हा. हासत कावून नाही वं? एवढी मोठी मजा झाली. भिलाईनरेशचा हुकूम फोनच आयकत नाही.

दे ना तूच — एकदा फक्त — बोट ठेव, मी डोळे मिटतो, कोणी पाहिलं नाही—

ते पाह्य. निळी स्कूटी. रेणू. पाचले येतो म्हणली होती, अजून दहा मिनिटं हायेत. हेल्मेट काढून राहिली. खुशबूलेही आणलं संग.

राहू दे. हात काढ तिथून. राहू दे म्हणतो. फोटोसंग तेही टाक नव्या फोनमध्ये, तिन्ही टाक. अन् तिले एवढं सांग, तूच सांग — तिसऱ्यात जो 'बाबा' म्हणते तो प्रवीणच हाये. प्रवीणचाच आवाज हाये. मी सांगितलं तं तिले इचार करा लागंन.

अन् ते चिठ्ठी दे इकडं. भिलाईनरेश खोड. खोड ना, हासू नको आता. लिही — जानराव. जानराव लांजेवार, सेक्टर सहा. — अशी कावून पायतं? खरं हाये. आधार कार्ड नाही आणलं, कोणी इचारंन असं वाटलं नाही. मायची शपथ घेतो, वैभवी, हेच नाव हाये माहं, याच्याशिवाय दुसरं नाही.

पायऱ्या चढली ते. लिही.